छोट्या गावातला जनावरांचा दवाखाना चालवायला घ्यावा का? निवृत्त डॉक्टरांनी कृपया लिहावं

नवी_पशुवैद्य

नमस्कार. पशुवैद्यकाची पदवी घेऊन मला काही वर्षं झाली. सध्या शहरात कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात काम करते. लसीकरण, नसबंदी, कातडीचे आजार, दात, म्हाताऱ्या कुत्र्यांची मूत्रपिंडं, असं रोजचं काम. हाताशी एक्स-रे आहे, सोनोग्राफी आहे, रक्ताचे रिपोर्ट तासाभरात येतात. अडलं तर वरिष्ठ शेजारच्याच खोलीत बसलेले असतात.

एका छोट्या गावातले डॉक्टर आता काम थांबवणार आहेत. आसपासच्या वस्त्यांवरच्या गाई, म्हशी, शेळ्या आणि गावातली कुत्री-मांजरं असा त्यांचा पसारा. दवाखाना कुणाच्या तरी हाती सोपवावा असं त्यांच्या मनात आहे आणि त्यांनी मला विचारलं आहे. कॉलेजात मोठ्या जनावरांचं काम मला फार आवडायचं, पण तेव्हा पाठीशी प्राध्यापक उभे असायचे.

मनात तीन गोष्टी घोळताहेत. काम अंगमेहनतीचं आहे आणि मी उंचीने, ताकदीने बेताची. दुसरं, तिथे तपासण्यांची सोय जवळपास नाही, मग निदान करायचं कशाच्या भरवशावर? आणि तिसरं, आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाला आज त्याबद्दल काय वाटतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुस्तकात थोडीफार सापडतील, तिसऱ्याचं सापडणार नाही. इथे कुणी निवृत्त डॉक्टर असतील तर मनापासून लिहा, ही विनंती.

गोठ्यातली

मी डॉक्टर नाही, दुभती जनावरं सांभाळते. आमच्याकडे बाई डॉक्टरच येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा घरातले पुरुष एकमेकांकडे बघत होते. म्हशीचं अंग बाहेर आलं त्या रात्री त्यांनी ते बसवलं, तेव्हापासून कुणी बघत नाही.

आम्हाला दोनच गोष्टी लागतात. फोन उचला. आणि यायला जमणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे आम्ही दुसरी सोय बघतो. 'येते, येते' म्हणून वाट बघायला लावलीत तर जनावर जातं.

निवृत्त_पशुवैद्य

डॉक्टर, वयाने तुम्ही माझ्या मुलीएवढ्या असाल, पण डॉक्टरच म्हणतो. तुमचा तिसरा प्रश्न वाचून लिहायला बसलो. पण पहिल्या दोघांना ओलांडून तिथे जाता येणार नाही, म्हणून जरा धीराने वाचा.

ताकदीचं आधी. अडलेली गाय ताकदीने मोकळी होत नाही. तुम्ही पोचाल तेव्हा चार गडी दोरी धरून ओढायला तयार असतील, कदाचित ओढतही असतील. त्यांना थांबवणं हे तुमचं पहिलं काम. मग हात कोपराच्या वरपर्यंत धुवायचा, आत घालायचा, डोळे मिटायचे आणि बोटांनी बघायचं. पाय लागला तर पुढचा की मागचा? खुरापासून वर जा. पहिले दोन सांधे एकाच बाजूला वाकत असतील तर पुढचा, एकमेकांच्या उलट वाकत असतील तर मागचा. दोन पाय लागले म्हणून ते एकाच वासराचे असं धरून चालू नका, जुळं असू शकतं. प्रत्येक पायावरून हात थेट छातीपर्यंत न्यायचा. खुराच्या बेचक्यात चिमटा काढा, पाय मागे घेतला तर जीव आहे. तोंडात बोट द्या, चोखेल.

मान मागे वळलेली असली तर वासरू आधी आत ढकलावं लागतं. बघणाऱ्यांना ते उलटं वाटतं, पण डोकं फिरवायला जागा आतच मिळते. मग भरपूर वंगण, दोऱ्या, आणि गाय कळ देईल तेव्हाच ओढ. एकदा हा पाय, एकदा तो. तसं केलं की वासराचे खांदे तिरके होतात आणि हाडाच्या कड्यातून एकेक करून सुटतात. यात ताकद किती लागली? लहान हात तर इथे वरदान आहे. शेळी अडली की माझा पंजा आत जायचा नाही. मग घरातल्या बाईला साबणाने हात धुवायला लावायचो आणि मी बोलत जायचो तसतशी ती करत जायची. कितीतरी करडं अशी जगली आहेत.

खांदा मात्र जातो, हे खरं. वर्षानुवर्षं डावा हात घालून गाभण तपासल्या, आज तो हात कानाच्या वर जात नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून दोन्ही हातांनी तपासायला शिका. आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही.

आता निदान. रिपोर्ट नसतात तिथे माणसं असतात, पण कोणतं माणूस विचारायचं हे कळायला हवं. गोठ्यात गेलात की घरातला कर्ता माणूस पुढे येऊन बोलू लागतो. त्याला बोलू द्या. पण नजर शोधत राहू द्या की धार कोण काढतं, शेण कोण भरतं, पाण्याला कोण सोडतं. बहुतेक वेळा ती बाई मागे खांबाला टेकून उभी असते. एखाद्या घरात म्हातारे आजोबा असतात, एखाद्या घरात शाळेत जाणारं पोर. ते जनावर ज्याच्या हातावर आहे त्याला ते रक्ताच्या तपासणीपेक्षा जास्त कळलेलं असतं. फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं.

एक उदाहरण सांगतो. एक गाय दोन दिवस खात नव्हती, दूध एकदम निम्म्यावर आलेलं, अंगात थोडा ताप. मालकाने अपचन म्हणून पचनाची पावडर पाजून झाली होती. कोटीपोटाची, म्हणजे गाईच्या सगळ्यात मोठ्या पोटाची, हालचाल मंद. इतक्यावर दहा आजार निघतील. मी त्याच्या बायकोला विचारलं, "तुम्हाला काय वेगळं दिसतंय?" ती म्हणाली, "बाकी काही नाही, पण पाण्यावरून येताना उतारावर कण्हते. चढताना नाही कण्हत."

मला पुढचं काही विचारायची गरजच उरली नाही. गाय वेचून खात नाही. ती भराभर गिळते आणि मग निवांत रवंथ करते. चाऱ्यातून गेलेला खिळा, तारेचा तुकडा जड म्हणून जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या पुढच्या छोट्या कप्प्यात, जाऊन बसतो. जाळीपोटाच्या पुढे छाती आणि पोट वेगळं करणारा पडदा आणि त्याला लागून हृदय. उतारावर पोटातला सगळा भार पुढे येतो आणि तार रुतते. मी खांद्यांच्या मागे पाठीच्या कण्यावर जोरात चिमटा काढला. निरोगी गाय अशा वेळी पाठ खाली दबवते. हिने पाठ ताठ ठेवली आणि कण्हली. चुंबक गिळवलं, प्रतिजैविक सुरू केलं, पुढचे पाय उंचावर राहतील अशी फळी टाकून बांधायला सांगितलं. चुंबक जाळीपोटात जन्मभर राहतं, तार त्याला चिकटून बसते. आठवड्याभरात गाय खाऊ लागली. कुट्टीच्या यंत्राजवळ शोधलं तर छपराला बांधलेल्या तारेचे तुकडे खाली पडलेले होते. तार हृदयापर्यंत पोचली असती, छाती पुढून सुजली असती, मानेची शीर फुगली असती, तर मला काही करता आलं नसतं.

शहरातल्या तुमच्या एक्स-रेला मी कमी लेखत नाही. पण गाईचं पोट एक्स-रेत बघायचं म्हटलं तर तेवढं यंत्र गोठ्यात आणणार कोण? तिथे त्या बाईचं वाक्यच कामाला येतं.

गावात तुमचं नाव मात्र दुग्धज्वरावर होईल, हेही सांगून ठेवतो. तिसऱ्या-चौथ्या वेताची, भरपूर दुधाची गाय. व्याल्यावर एक-दोन दिवसांत बसते ती उठत नाही. कान गार, नाकपुडी कोरडी, मान वळवून डोकं कुशीवर टाकलेलं. लोकांनी आशा सोडलेली असते. सगळं कॅल्शियम एकदम कासेकडे धावलेलं असतं, रक्तात उरलेलं नसतं. शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेट द्यायचं, पण अगदी सावकाश. एका हातात बाटली आणि कानाला स्टेथोस्कोप, कारण घाई केली तर हृदय तिथेच थांबतं. ठोके अडखळले की बाटली खाली घ्यायची, थांबायचं. मग आधी अंगावर बारीक थरथर येते, ढेकर येते, गाय शेण टाकते, आणि ज्या गाईसाठी बाहेर खड्ड्याची जागा बघणं चाललेलं असतं ती उठून उभी राहते. पुढचे एक-दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका, हे निघताना सांगायला विसरायचं नाही.

या आजाराचा इतिहास मला फार आवडतो. उपाय सापडायच्या आधी निम्म्याहून जास्त गाई यात मरत. १८९७ मध्ये डेन्मार्कच्या श्मिट नावाच्या पशुवैद्याने कासेत औषधी द्रावण सोडून बघितलं आणि गाई उठू लागल्या. पुढे लक्षात आलं की औषधाचीही गरज नाही, सडांतून नुसती हवा भरली तरी गाय उठते, कारण फुगलेल्या कासेत दूध उतरणं थांबतं आणि कॅल्शियम रक्तात राहतं. माझ्या गुरूंच्या कपाटात हवा भरायचा तसला पंप होता. कारण माहीत नसताना नुसत्या निरीक्षणावर त्या माणसांनी इतके जीव वाचवले, हे आठवलं की आजही ऊर भरून येतो.

आता तिसरा प्रश्न. आज काय वाटतं?

शहरात तुम्ही केस बघता. गावात तुम्ही जनावर बघता, त्याची आई बघितलेली असते आणि पुढे त्याची नात बघता. या घराण्यातल्या गाईंना व्याल्यावर जार (वार) अडकायची खोड आहे, त्या गोठ्यात दर पावसाळ्यात दगडी (कासेची सूज) होते कारण जमिनीला उतार नाही, हे डोक्यात साठत जातं. केलेलं काम चांगलं असो की वाईट, ते रोज रस्त्यात भेटतं. मला हे ओझं वाटलं नाही. औषध देऊन निघून गेलो आणि पुढे काय झालं ते कळलंच नाही, असं माझ्या कामात फारसं उरलं नाही. इतकी पूर्ण गोष्ट किती जणांच्या वाट्याला येते?

आणि एक आनंद असा आहे की तो तुमच्या पिढीला त्याच रूपात मिळणार नाही. बुळकांडी, गुरांचा जीवघेणा साथीचा रोग. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही बर्फाचा डबा खांद्याला लावून वस्ती-वस्ती फिरायचो. लस एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागे, म्हणून पहाटे निघायचं आणि उन्हं चढायच्या आत सुया टोचून मोकळं व्हायचं. ही लस वॉल्टर प्लाउराइट यांनी केनियात तयार केली होती, १९९९ साली त्यांना त्यासाठी जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जगातली पहिली पशुवैद्यकीय शाळा फ्रान्समधल्या लिऑन शहरात क्लोद बुर्जला यांनी काढली, १७६१ सालची गोष्ट, आणि तिच्यामागचं मोठं कारण याच रोगाने ओस पडलेले गोठे हे होतं. म्हणजे आपला व्यवसाय ज्या रोगाने जन्माला घातला तो रोग २०११ मध्ये जगातून संपला असं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने पूर्णपणे पुसून टाकलेला हा दुसराच रोग. ती बातमी वाचली तेव्हा मी एकटाच घरी होतो. मी त्या खांद्याला लावलेल्या डब्यातल्या एकेका सुईचा विचार करत बसलो. शेवटचा रुग्ण केनियात २००१ मध्ये सापडला होता, पण मला माझ्या भागातल्या त्या पहाटाच आठवत होत्या.

म्हणून विचाराल तर मी पुन्हा हेच करीन.

पशुवैद्याची_लेक

वर निवृत्त डॉक्टरांनी सगळं लिहिलं आहे, घरच्यांचं तेवढं मी लिहिते. माझे बाबाही हेच काम करायचे. आमच्याकडे फोन वाजला की ताटावरून उठणं ठरलेलं. माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशी ते एका म्हशीपाशी होते आणि आईने निकाल फोनवर सांगितला. मला त्याचा राग नाही, आज तर नाहीच. पण आईची फार ओढाताण झाली. नोंदी ठेवणं, औषधांचा हिशोब, रात्री आलेल्या माणसाला धीर देऊन बसवून ठेवणं, हे सगळं ती करायची आणि दवाखान्याच्या पाटीवर तिचं नाव नव्हतं.

नवी_पशुवैद्य, तुम्ही गेलात तर जवळच्या दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांशी आधी बोला. आठवड्यातल्या काही रात्री त्यांनी घ्याव्यात, काही तुम्ही. बाबांना असं कुणी नव्हतं, आणि ते दमले तेव्हा उशीर झाला होता.

नवी_पशुवैद्य

सगळ्यांचे मनापासून आभार. निवृत्त_पशुवैद्य काका, तुमचं लिहिलेलं मी दोनदा वाचलं. लेकीने लिहिलेलं वाचून लगेच शेजारच्या गावातल्या डॉक्टरांचा नंबर शोधला आहे.

दोन गोष्टी अजून विचारते. जनावराला कायमचं झोपवायची वेळ येते तेव्हा तुम्ही कसं निभावलंत? शहरात मी हे करते, पण इथे मालक परके असतात. तिथे तेच रोज समोर येणार. आणि समजा मी ठरवलं, तर जाणाऱ्या डॉक्टरांकडून पहिल्या आठवड्यात काय-काय घेऊन ठेवू?

निवृत्त_पशुवैद्य

लेकीचं लिहिणं वाचून मी बराच वेळ थांबलो. तिचं म्हणणं अगदी खरं आहे. दुसऱ्या डॉक्टरांशी वाटणी करा, आणि ती दवाखाना सुरू व्हायच्या आधीच पक्की करा.

कायमचं झोपवण्याबद्दल. कायद्यात काय बसतं आणि काय नाही, ते तुमच्या भागापुरतं आधी नीट समजून घ्या. मोठ्या जनावरांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. बाकी रीत कुत्र्याची असो की घोड्याची, एकच. निर्णय मालकाचा, पण त्याला तो एकट्याने घ्यायला लावू नका. "माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं" हे त्याने विचारलं तर सरळ उत्तर द्या. आडवळणाने बोललात तर तो माणूस पुढे वर्षानुवर्षं मनात तेच उगाळत राहतो.

गावात एक आजोबा होते, घरात ते आणि त्यांची कुत्री एवढंच. तिला कासेच्या गाठी झाल्या होत्या, फुप्फुसात पसरल्या होत्या, झोपताही येत नव्हतं. मी त्यांच्या अंगणातच गेलो, तिला दवाखान्यात आणायला लावलं नाही. सुरुवातीला गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि ती त्यांच्या मांडीवर डोकं टाकून झोपेपर्यंत थांबलो. शिरेतलं औषध भरण्याआधी त्यांना सांगितलं, "आजोबा, डोळे मिटणार नाहीत. नंतर एखादा श्वास मोठ्याने येईल, अंग थोडं थरथरेल. तेव्हा ती आपल्यात नसेल, ते फक्त शरीर असेल." हे आधी सांगितलं नाही तर तो शेवटचा श्वास माणसाला आयुष्यभर छळतो. मग स्टेथोस्कोप लावून पूर्ण वेळ ऐकलं, आणि खात्री झाल्यावरच तोंडाने सांगितलं. लगेच उठून निघालो नाही. तुम्ही म्हणता तसे ते मला पुढे रोज दिसायचे. दिसले की आम्ही तिच्याबद्दल बोलायचो. तेच रोज समोर येणार याची तुम्हाला भीती वाटते आहे, मला त्याचा आधार वाटला.

औषधांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण याचा दबाव तुमच्यावर पहिल्या महिन्यातच येईल. सडात प्रतिजैविक सोडलं की ठरलेले दिवस ते दूध विकायचं नाही. लोक म्हणतील, एवढ्याने काय होतं. तिथे नरम पडू नका. आपण टोचलेलं औषध त्या जनावरापाशी थांबत नाही. दक्षिण आशियातली गिधाडं कशाने संपत आली ते तुम्ही शिकला असाल. गुरांना वेदनेसाठी दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. २००४ मध्ये कारण उघड झालं, २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने जनावरांसाठी ते बंद केलं. मेलॉक्सिकॅमसारखं गिधाडांना सुरक्षित औषध होतंच. सुई टोचताना मला पुढे कायम ते पक्षी आठवत राहिले.

आता पहिला आठवडा. त्या डॉक्टरांच्या वह्या मागून घ्या. अक्षर कितीही वाईट असो, त्यांच्याजवळ बसून वाचून घ्या. कोणत्या गोठ्यात गाभडण्याच्या (गर्भपाताच्या) नोंदी एकामागून एक दिसतात ते बघा. तिथे ब्रुसेलोसिस, जनावरांना गाभडवणारा आणि माणसालाही लागणारा रोग, असू शकतो. जार काढताना खांद्यापर्यंतचे हातमोजे घातल्याशिवाय हात घालू नका आणि कालवडींना त्याची लस देताना सुई स्वतःला लागू देऊ नका, ती लस जिवंत जंतूंची असते. माझ्या एका सहकाऱ्याला तो ताप महिनोन् महिने येत-जात राहिला, सांधे कायमचे दुखावले.

वह्यांपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे त्यांना घेऊन एकदा सगळ्या वस्त्यांवरून पायी फिरा आणि विचारा, काळपुळीने (अँथ्रॅक्सने) मेलेली जनावरं कुठे पुरली आहेत? हे कागदावर बहुधा नसतं. काळपुळीचे बीजाणू मातीत कित्येक दशकं जिवंत राहतात. जमीन खणली, पूर आला, की वर येतात आणि तिथे चरणारं जनावर जातं. त्या जागा एका नकाशावर टिपून घ्या. आणि एखादं जनावर काल धडधाकट होतं, आज अचानक मेलेलं सापडलं, नाकातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येतंय, असा फोन आला तर ते कुणालाही फाडू देऊ नका. तुम्हीही फाडू नका. हवा लागली की बीजाणू तयार होतात. कानाच्या शिरेतल्या रक्ताचा एक थेंब काचेवर घ्या, तेवढा पुरतो, आणि वर कळवा. मग जाळणं, नाहीतर चुना टाकून खोल पुरणं. मालक कातडीसाठी हट्ट धरेल, गयावया करेल. अशा एका माणसासमोर मी मेलेल्या बैलाशेजारी संध्याकाळपर्यंत बसून राहिलो होतो, खड्डा पूर्ण होईपर्यंत हललो नाही. त्याच्या घरात लहान मुलं होती.

शेवटचं, आणि यात मला वाद नको. गाय लाळ गाळतेय, गिळता येत नाही, हंबरण्याचा आवाज बदललाय, आणि मालक म्हणतो, "डॉक्टर, घशात काहीतरी अडकलंय, हात घालून काढा." हात घालायचा नाही. आधी विचारा, मागच्या काही महिन्यांत कुत्रं चावलं होतं का, कोल्हा आला होता का. पिसाळलेली गाय अगदी अशीच दिसते. आणि आतापर्यंत तिच्या तोंडात कुणी-कुणी हात घातला त्यांची नावं लिहून घ्या, त्या सगळ्यांना त्याच दिवशी जखमा साबणाने धुवून लस घ्यायला पाठवा.

तुमची स्वतःची रेबीजची लस कुत्र्या-मांजरांच्या कामामुळे झालेली असेल असं धरतो. झाली असेल तर रक्तातलं प्रतिपिंडांचं प्रमाण तपासून घ्या. नसेल झाली तर तिकडे जाण्याचं ठरो न ठरो, उद्या सकाळी पहिला डोस घ्या आणि इथे कळवा.